पाहिले नसते तर बरे

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. युनियनचा माणूस म्हटला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कामगार कायदे यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि आमच्या बाबतीत ती सहसा खोटी ठरत नाही. परंतु आज आम्ही चित्रपटांविषयी बोलणार आहोत. चित्रपटगृहातून बाहेर पडताना काही दृश्यांविषयी माणूस मनाशी म्हणतो, "हे पाहिले नसते तर बरे झाले असते." अशा दृश्यांचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, इंग्रजी-मराठी कोश मांडीवर घेऊन वाचले. तेव्हा चित्रपटकलेवरचे भाष्य आमच्याकडून कोणी अपेक्षू नये.

या विषयाची गाठ आम्हांला प्रथम पडली ती १९९७ साली. गिरणगावातील एका हॉलमध्ये आम्ही कामगारांसाठी एक चित्रपट दाखवला. एका फिल्म सोसायटीतल्या मित्राने सोळा मिलिमीटरचे यंत्र आणि रिळे आणली होती. चित्रपट होता सर्गेई आयझेन्स्टाइन या रशियन दिग्दर्शकाचा 'स्ट्राइक', म्हणजे संप, साल १९२५. आयझेन्स्टाइनचा हा पहिलाच मोठा चित्रपट, आणि तेव्हा त्याचे वय जेमतेम सत्तावीस. चित्रपट मूक असल्यामुळे मधल्या पाट्यांचा मजकूर आम्ही मोठ्याने मराठीत वाचून दाखवीत होतो. गोष्ट झारच्या काळातली. एका कारखान्यात मोजमापाचे एक बारीक उपकरण चोरीला जाते, आळ एका कामगारावर येतो आणि तो कामगार कारखान्यातच गळफास लावून घेतो. तेथून संप पेटतो. १९८२ च्या संपात ज्यांच्या घरातली भांडी मोडीत गेली अशी माणसे समोर बसली होती. त्यांना काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

शेवटाकडे घोडेस्वार शिपाई कामगारांच्या वस्तीत शिरतात. ती वस्ती पाहताच हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली, कारण ती हुबेहूब आपली चाळ होती. तेच मजले, त्याच लांबलचक गॅलऱ्या, तेच कठडे. घोडे थेट त्या गॅलऱ्यांवर चढतात. एक स्वार एका लहान मुलाला कपड्याने धरून उचलतो, कठड्याबाहेर धरतो आणि सोडून देतो. पुढे उघड्या माळावर कामगारांना गोळ्या घातल्या जातात, आणि त्या दृश्यांच्या मधे मधे कत्तलखान्यात एका बैलाचा गळा कापला जात असल्याची दृश्ये येतात. ती मात्र खरीखुरी आहेत. सुरी खरी, बैल खरा, रक्तही खरे.

आमची अपेक्षा अशी की, बैलाच्या दृश्याला लोक डोळे मिटतील. काहींनी मिटलेही. परंतु कत्तलखान्यात नोकरी केलेले एक गृहस्थ पुढच्या रांगेत बसले होते. ते शेजाऱ्याला शांतपणे म्हणाले, "हात चांगला आहे गड्याचा. एका घावात केलं." खरा हुंदका उमटला तो गॅलरीतून मूल सोडले तेव्हा, आणि ते मूल म्हणजे तर बाहुली होती. खेळ संपल्यावर एक वयस्क बाई आमच्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे कशाला दाखवलंत? आता मला गॅलरीत उभं राहवेल का?"

आम्ही मास्तर नव्हे. पण पाट्या वाचून दाखवल्यामुळे त्या दिवसापुरते झालो होतो. त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढे वाचताना असे आढळले की, हा अनुभव खुद्द आयझेन्स्टाइनलाही आला होता. पडद्यावर मरणाचा अभिनय करणारी मंडळी खोटी वाटतात, म्हणून त्याने खऱ्या कत्तलीची दृश्ये जोडली होती. पण त्याने १९२५ सालीच लिहून ठेवले आहे की, कामगार प्रेक्षकांवर या दृश्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही, कारण बैलाचे रक्त म्हटले की त्यांना कत्तलखान्याशेजारचे कारखाने आठवतात. आणि घरचे जनावर स्वतः कापणाऱ्या शेतकऱ्यावर तर काहीच परिणाम होत नाही. धक्का पडद्यावरच्या रक्ताने बसत नसून ते ज्याच्या त्याच्या आयुष्यात कोठे जाऊन लागते त्याने बसतो. कत्तलखान्यातल्या माणसाला सुरीची भीती नव्हती. त्या बाईंना कठड्याची होती.

भुताखेतांच्या आणि खूनखराब्याच्या चित्रपटांविषयी आम्ही येथे बोलत नाही. तेथे माणूस भिण्यासाठीच तिकीट काढतो, भितो आणि घरी जाऊन जेवतो. दुसऱ्या दिवशी कामावर त्याच दृश्याची नक्कल करून हसवतोही. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

'स्ट्राइक'मधला गोळीबार रचलेला होता. आता जो सांगतो तो रचलेला नव्हता. १९३७ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने कामगार संघटनेशी करार केला. पण तिच्याहून लहान अशा काही कंपन्यांनी सही करण्यास साफ नकार दिला. मेअखेरीस त्यांच्या कारखान्यांत संप सुरू झाला. शिकागोच्या दक्षिण भागात रिपब्लिक स्टील या कंपनीचा कारखाना होता. ३० मे हा तिकडे दिवंगत सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, आणि त्या वर्षी तो रविवारी आला होता. कारखान्यापासून थोड्या अंतरावरच्या एका जुन्या गुत्त्याच्या इमारतीपाशी संपकऱ्यांची सभा झाली. लोक सुटीच्या कपड्यांत आले होते. बायका होत्या, मुलेही होती. सभेनंतर सुमारे दीड हजारांचा जमाव मोकळ्या माळावरून कारखान्याच्या फाटकाकडे निघाला. फाटकासमोर निरोधन करण्याचा आपला हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वाटेत दोनशेहून अधिक पोलिसांची रांग आडवी उभी होती. काही मिनिटे बोलाचाली झाली. मग एकाएकी गोळ्या सुटल्या, अश्रुधूर सुटला, आणि पळत्या माणसांच्या पाठीवर लाठ्या पडू लागल्या. दहा माणसे मरण पावली. सात जणांना गोळी पाठीत लागली होती आणि तिघांना कुशीत. समोरून, छातीत, एकालाही लागली नव्हती. जखमी झालेल्या पोलिसांत गोळी लागलेला एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या वर्तमानपत्रांत काय आले असेल याची कल्पना आपण करू शकता. पेटलेल्या लाल जमावाने पोलिसांवर चाल केली, पोलिसांनी आत्मसंरक्षण केले. हा मजकूर आम्ही इतक्या भाषांत आणि इतक्या वर्षांच्या अंकांत वाचला आहे की, तो कोठेतरी जुळवून ठेवलेलाच असतो आणि वेळ आली की फक्त गावाचे नाव बदलतात, अशी आम्हांला दाट शंका आहे.

पण त्या दिवशी माळावर एक गाडी उभी होती आणि तिच्यावर पॅरामाउंट कंपनीचा कॅमेरा होता. त्या काळी चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी बातमीपट दाखवीत, त्यासाठी ही चित्रफीत घेतली जात होती. छायाचित्रकाराने जवळजवळ सर्व काही टिपले. फक्त गोळीबार सुरू झाला नेमकी ती काही सेकंदे फितीत नाहीत, कारण त्या वेळी तो भिंग बदलीत होता. फीत कंपनीकडे गेली, धुतली गेली, आणि कपाटात बंद झाली. कंपनीच्या संपादकांची भूमिका अशी की, हे दृश्य इतके प्रक्षोभक आहे की ते दाखवल्यास चित्रपटगृहांतच दंगे होतील. म्हणजे प्रेक्षकांच्या हितासाठीच प्रेक्षकांना ते दाखवावयाचे नाही. "हे पाहिले नसते तर बरे" हे वाक्य प्रेक्षकाच्या वतीने, त्याने पाहण्याच्या आधीच, दुसऱ्याने उच्चारलेले होते.

त्या वेळी अमेरिकेच्या सिनेटची एक समिती कामगारांच्या हक्कभंगांची चौकशी करीत होती. सिनेटर ला फॉलेट हे तिचे अध्यक्ष. समितीने हुकूम काढून ती फीत हस्तगत केली. सेंट लुईसच्या 'पोस्ट-डिस्पॅच' पत्राचे बातमीदार पॉल अँडरसन यांनी समितीपुढील खासगी खेळाचा वृत्तांत मिळवून जूनमध्ये छापला, आणि मग ती दडवून ठेवणे कोणालाच शक्य राहिले नाही. जुलैच्या आरंभी समितीच्या उघड्या बैठकीत पडदा लावून ती दाखवण्यात आली.

काय होते तीत? पोलीस अगदी जवळून, दाट गर्दीत, पिस्तुले झाडीत आहेत. माणसे एकमेकांवर ढीग होऊन पडत आहेत. पडलेल्यांवर लाठ्या बसत आहेत. उठून पळू पाहणाऱ्याला दोघे तिघे गाठत आहेत. परंतु ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनातून जे गेले नाही ते याहून लहान दृश्य आहे. पाठीत गोळी लागून एका माणसाचे कमरेखालचे अंग लुळे पडले आहे. त्याला गाडीत घालण्यासाठी दोन पोलीस त्याला उभे करतात. त्यांनी हात सोडताच त्याचे पाय मुडपतात आणि तो गाडीच्या पायरीखाली तोंडावर पडतो. मग तो मान वर उचलतो आणि दोन्ही हातांनी माती ओरबाडू लागतो. पोलिसांना तो ढोंग करतो आहे असे वाटले असावे. ज्याने कधी कारखान्यात अपघात झालेला माणूस उचलला आहे त्याला हे पाहवणार नाही, कारण माणूस कसा धरायचा नाही हे त्याला माहीत असते.

या चित्रफितीने काय साधले हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे भाषण प्रचाराचे होईल. समितीने पोलिसांवर कडक ठपका ठेवला. लोकमत हलले. पॅरामाउंटने नाइलाजाने बातमीपट प्रदर्शित केला, पण खुद्द शिकागोत पोलिसांच्या चित्रपरीक्षकांनी तो दाखवू दिला नाही. शिकागोच्या मृत्यूचौकशीतील पंचांनी तर या मृत्यूंना समर्थनीय मनुष्यवध असेच नाव दिले. एकाही पोलिसावर खटला झाला नाही. संप त्याच उन्हाळ्यात मोडला, आणि त्या कंपन्यांनी संघटनेला मान्यता दिली ती १९४१-४२ च्या सुमारास, महायुद्धाच्या धामधुमीत. दहा माणसे आणि चार-पाच वर्षे. हल्ली तीच चित्रफीत अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करून ठेवलेली आहे. १९९७ साली तिची निवड झाली. ज्या वर्षी आम्ही गिरणगावात 'स्ट्राइक' दाखवला तेच वर्ष. अर्थात हा निव्वळ योगायोग.

अमेरिकेपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? १९३४ साली मुन्शी प्रेमचंद मुंबईस आले आणि अजंठा सिनेटोनसाठी त्यांनी एक कथा लिहिली. मोहन भवनानींनी तिच्यावर 'मिल' नावाचा बोलपट काढला. 'मजदूर' या नावानेही तो ओळखला जातो. गिरणी, कामगारांचे हाल, मालकाच्या घरातले दोन स्वभाव आणि संप, असा विषय. मुंबईच्या चित्रपरीक्षण मंडळाने त्याला परवानगी नाकारली. त्या मंडळावर गिरणी-मालकांच्या संघाचे एक सभासद बसलेले होते, ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे. येथेही कारण तेच: कामगार चिथावतील. ज्या शहरात भोंग्यावर लाखो माणसे उठत होती त्याच शहरात गिरणीचा भोंगा पडद्यावर वाजू द्यायचा नव्हता. आता त्या चित्रपटाची एकही प्रत हाती राहिलेली नाही.

इथवर आमची बाजू सोपी होती. मालक झाकतो, कामगार उघडे करतो. पाहू नये म्हणणारा तेवढा वाईट. आम्हीही बरीच वर्षे सभांतून असेच बोलत आलो. न्यूरेंबर्गचा वृत्तांत तर आम्ही तोंडपाठ सांगत असू. तेथे नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी छळछावण्यांची सुमारे तासाभराची फीत न्यायालयात दाखवण्यात आली. अंधार केला होता, तरी आरोपींच्या पिंजऱ्यावर बारीक दिवे ठेवले होते, कारण त्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. बँकेचे माजी अध्यक्ष शाख्त यांनी पडद्याकडे पाठच फिरवली आणि पाहण्यास नकार दिला; युद्धाच्या अखेरीस ते स्वतः छावणीत होते. फुंक रडले. गोरिंगने नंतर तक्रार केली ती एवढीच की, दुपार छान चालली होती आणि या फितीने सगळ्यावर पाणी फिरवले. तुरुंगातील मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी हे टिपून ठेवले आहे. पाहणे हीच ज्यांची शिक्षा, त्यांच्यापुढे फीत लावण्यात कोणाला कसला संकोच वाटणार?

पण आमच्या गाठीला याच्या उलट एक अनुभव आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या रबराच्या कारखान्यात आमच्या संघटनेचा एक कंत्राटी कामगार दगावला. कारखान्याचे नाव येथे सांगत नाही. रबर मळण्याचे यंत्र म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाड लोखंडी रूळ. माल हाताने सारावा लागतो. हात सापडलाच तर यंत्र जागच्या जागी थांबावे म्हणून डोक्याच्या उंचीवर एक दोरी बांधलेली असते. ती ओढली की यंत्र बंद पडते. मालकाचे म्हणणे, कामगाराने निष्काळजीपणा केला. आमचे म्हणणे, दोरी जागेवर नव्हती. काम करताना ती डोक्याला लागते, वारंवार ओढली जाऊन उत्पादन खोळंबते, म्हणून ती वर गुंडाळून सांगाड्याला बांधून टाकलेली होती. पुरावा काय? छताला कॅमेरा होता. चित्रण मागितले तर प्रथम ते पुसले गेले असे उत्तर आले. खटपट करून ते मिळवले.

त्या चित्रणाला आवाज नाही. पाळीच्या सुरुवातीला वर बांधलेली दोरी स्वच्छ दिसते. पुढे त्याचा हात सापडतो. त्याचा जोडीदार धावतो आणि दोरी असायची त्या जागी हवेत हात फिरवतो. मग इकडे, मग तिकडे. शेवटी तो भिंतीवरच्या मुख्य स्विचकडे पळतो. हे सगळे अकरा सेकंदांत होते. आम्ही ती सेकंदे मोजली आहेत, कारण युक्तिवादासाठी मोजणे भाग होते.

चित्रण अधिकाऱ्यांपुढे लावण्याच्या दिवशी त्याची बायको आली. आपण बाहेर बसा, असे आम्ही तिला सुचवले. ती म्हणाली, "माझा नवरा आहे. मी बघणार." तिचा हक्क नाकारणारे आम्ही कोण, असा विचार आम्ही केला. खरे सांगायचे तर त्यात दुसराही एक विचार होता: विधवा खोलीत बसलेली असली तर समोरच्यांना त्या फितीवर सहजासहजी शंका काढवणार नाही. हा हिशेब आम्ही केला होता आणि तो बरोबर ठरला. नुकसानभरपाई मिळाली, पुरी मिळाली.

त्यानंतर कित्येक महिने तिने आमच्याशी बोलणे टाकले. एकदा धनादेशाच्या कामासाठी घरी गेलो तेव्हा चहाचा कप पुढे ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही आधी बघितलं होतं ना ते?" आम्ही हो म्हटले. "मग मला आत का येऊ दिलंत? तो गेला ते मला ठाऊक होतं. कसा गेला ते ठाऊक नव्हतं, तेवढं तरी माझ्याकडे राहिलं असतं."

आम्ही तेव्हा काहीतरी बोललो असू. काय ते आता आठवत नाही, आठवण्यासारखे नसावे.

पुढे तिने आणखी एक गोष्ट मागितली. तोवर ते चित्रण आम्ही सुरक्षिततेच्या शिबिरांतून कामगारांना दाखवू लागलो होतो. परिणाम तात्काळ होत असे. दुसऱ्याच दिवशी दोन-तीन कारखान्यांत गुंडाळलेल्या दोऱ्या सोडल्या गेल्या. तिच्या कानावर ते गेले. ती कचेरीत आली आणि म्हणाली, "त्याला आता परक्यांपुढे मारू नका." कार्यकारिणीत वाद झाला. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे, एका बाईच्या दुःखासाठी शंभर हात धोक्यात घालायचे काय? दडवले तर मालकांत आणि आपल्यात फरक तो काय? शिकागोचा दाखला त्यांनी आमच्याच तोंडावर फेकला. तो आम्हीच त्यांना शिकवलेला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

अखेर आम्ही ती फीत कापली. कात्री आमच्या हातात होती, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. आता शिबिरात ती दाखवतो ती पाळी सुरू होते तेथपासून: रिकामा मजला, फिरणारे रूळ, सांगाड्याला वर बांधलेली दोरी. तो येतो, हातमोजे चढवतो, जोडीदाराशी काही बोलून हसतो. तेथे आम्ही चित्र थांबवतो आणि दिवे लावतो. दर शिबिरात कोणीतरी मागून विचारतोच, "साहेब, पुढे काय झालं?" पुढचे आम्ही तोंडाने सांगतो, अकरा सेकंदे धरून.